संध्याकाळ आधी ठरवा: शिमानामी काइदोची पहिली सायकलयात्रा

जपानच्या खेड्यापाड्यांतून, गाइड न घेता, आपली आपण चार-पाच दिवस सायकल चालवायची इच्छा असेल तर सुरुवात शिमानामी काइदोपासून करा. हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिचीपासून एहिमे प्रांतातल्या इमाबारीपर्यंत साधारण ७० किलोमीटरची ही वाट. मध्ये सेतो अंतर्समुद्रातली सहा बेटं लागतात: मुकाइशिमा, इन्नोशिमा, इकुचिजिमा, ओमिशिमा, हाकाताजिमा आणि ओशिमा. बेटांना जोडणाऱ्या पुलांची साखळी १९९९ साली जुळली आणि त्या पुलांवर सायकलींसाठी वेगळी मार्गिका आहे. रस्त्याच्या कडेला निळा पट्टा रंगवलेला असतो. तो पकडून चालत राहिलं की वाट चुकत नाही.

आकडा ऐकून आपल्याकडचा कोणीही नियमित सायकल चालवणारा म्हणेल, ७० किलोमीटर म्हणजे एका सकाळचं काम. काम म्हणून ते खरंच तेवढंच आहे. तरी मी तुम्हाला चार दिवस घ्या म्हणतो, आणि त्यामागचं कारण आधी सांगतो. ग्रामीण जपान घड्याळावर चालतो. घरगुती खानावळवजा मुक्कामांत, ज्यांना तिथे मिन्शुकु म्हणतात, रात्रीचं जेवण सहाच्या सुमारास ताटात असतं. गावातली हॉटेलं दुपारी अकरा ते दोन उघडी असतात, नंतर दार बंद. ऑक्टोबरअखेरीस सव्वापाचला सूर्य मावळतो. म्हणजे दिवसाची आखणी सकाळी किती वाजता निघायचं इथून सुरू करून चालत नाही. संध्याकाळी कुठे आणि किती वाजता पोचायचं ते आधी ठरवायचं आणि तिथून उलटं मोजत यायचं.

हे मी चुकून शिकलो. पहिल्या खेपेला ओमिशिमावर एका देवळात रमलो, मग समुद्रकाठी फोटो काढत बसलो आणि मुक्कामी पोचायला सात वाजून गेले. रस्त्यावर काळोख, दिवे जवळपास नाहीत. वळणावर टॉर्चचा उजेड हलताना दिसला. मुक्कामाच्या आजी बाहेर येऊन उभ्या होत्या, अंगावर स्वेटर, पायांत घरातल्या चपला. आत आठ-दहा लहान वाट्या मांडून झाकून ठेवल्या होत्या आणि आजोबा न जेवता थांबले होते. कोणी एक शब्द बोललं नाही. आजींनी मिसोचं सूप पुन्हा गरम केलं. त्यानंतर मी कधी साडेचारच्या पुढे मुक्काम गाठला नाही.

पहिली पायरी: महिना

मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या विसाव्या तारखेच्या आसपासपर्यंत तिथला पावसाळा असतो. ऑगस्टमध्ये कोकणातल्या मेसारखा घामट उकाडा, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळांची भीती. एप्रिलअखेर ते ५ मे हा त्यांच्या सुट्ट्यांचा आठवडा असतो, त्या दिवसांत खोल्या मिळणं मुश्किल. मला स्वतःला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आवडतो. हवा कोरडी, आणि संत्र्या-मोसंब्यांच्या जातीची फळं झाडावर पिवळी व्हायला लागलेली. दिवस लहान असतो एवढंच लक्षात ठेवायचं.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, त्यासाठी मुक्कामांची यादी द्यावी लागते. म्हणजे तसाही मुक्काम आधी ठरवण्यावाचून इलाज नाही.

दुसरी पायरी: मुक्काम

माझा सल्ला असा: पहिली रात्र ओनोमिची, दुसरी इकुचिजिमावरचं सेतोदा, तिसरी ओमिशिमा, चौथी ओशिमा, पाचवी इमाबारी किंवा पुढे मात्सुयामा. रोजचं अंतर २० ते ३५ किलोमीटर. उरलेला वेळ बेटांना द्यायचा.

ओनोमिची आणि इमाबारीत नेहमीसारखी हॉटेलं आहेत, नेटवरून बुकिंग होतं. बेटांवर मात्र मिन्शुकुच घ्या. दोन्ही जेवणांसह माणशी दहा हजार येनच्या आगेमागे पडतात. काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत, काहींचं बुकिंग फक्त फोनवर होतं. फोनवर जपानी बोलायची वेळ आली तर ओनोमिचीच्या तुमच्या हॉटेलच्या काउंटरवर विनंती करा, ते आनंदाने फोन लावून देतात. बुकिंग करतानाच तीन गोष्टी कळवायच्या: सायकलने येतोय, अमुक वाजता पोचेन, आणि अमुक पदार्थ खात नाही. तिसरी गोष्ट आयत्या वेळी सांगणं म्हणजे त्यांनी दुपारपासून केलेल्या कष्टांवर पाणी टाकणं.

उशीर होणारच असेल तर फोन करून "सुमिमासेन, ओकुरेमासु" एवढं म्हणा. माफ करा, उशीर होतोय. एवढ्याने काम होतं.

पोचल्यावर बूट दारात काढायचे, वळवून टोकं बाहेरच्या दिशेला करून ठेवायचे. अंघोळ जेवणाआधी. टबात उतरण्यापूर्वी बाहेर स्टुलावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं, मग स्वच्छ अंगाने गरम पाण्यात शिरायचं. ते पाणी घरातले सगळे वापरतात, म्हणून त्यात साबण नाही, टॉवेल बुडवणं नाही. दिवसभर चढ-उतार केलेल्या मांड्यांना त्या पाण्याने जे वाटतं त्याची सर कुठल्याच मलमाला नाही. खोलीत युकाता, म्हणजे सुती झगा, ठेवलेला असतो, तो घालताना डावी बाजू वर घ्या. उजवी वर फक्त मृताला घालतात.

तिसरी पायरी: सायकल

पहिल्या वेळी सायकल तिथेच भाड्याने घ्या. विमानातून नेलेली सायकल पेटीतून काढून जोडायची, ट्रेनमध्ये चढवायची, परत बांधायची, यात दोन दिवस जातात. शिवाय जपानच्या ट्रेनमध्ये सायकल तशीच नेता येत नाही. चाक काढून, पूर्ण झाकणाऱ्या पिशवीत घालून न्यावी लागते. या पिशवीला रिन्को-बुकुरो म्हणतात. तिचा एकही भाग बाहेर दिसता कामा नये.

भाड्याच्या सायकलींची सार्वजनिक केंद्रं ओनोमिचीत, इमाबारीत आणि मधल्या बेटांवर आहेत. एका केंद्रात घेऊन दुसऱ्यात परत करता येते, म्हणून एकमार्गी प्रवास जमतो. इलेक्ट्रिक सायकलींना ही सोय बहुधा नसते, आधी विचारा. ओनोमिचीच्या धक्क्यावर जुन्या गोदामात केलेलं हॉटेल आहे, ओनोमिची यू-टू. तिथे खोलीपर्यंत सायकल नेता येते आणि जायंट कंपनीचं दुकानही आहे. चांगली रोड बाइक हवी असेल तर तिथे मिळते, पण उंचीप्रमाणे माप आधी कळवून ठेवा.

टोपली लावलेली साधी सायकल घेऊ नका. गिअर नसले की पुलांवर चढताना जीव जातो. क्रॉस बाइक पुरते. ताब्यात घेताना दोन्ही ब्रेक, पुढचा दिवा, मागचा रिफ्लेक्टर, घंटी आणि सीटची उंची पाहा. व्हॉल्व्ह कुठल्या प्रकारचा आहे तेही बघून ठेवा. जपानी घरगुती सायकलींचा व्हॉल्व्ह आपल्याकडच्या साध्या सायकलींसारखाच असतो, पण स्पोर्ट्स सायकलींचा वेगळा, त्याला वेगळा पंप. वाटेवर ठिकठिकाणी "सायकल ओएसिस" अशी पाटी दिसेल. दुकान असो, देऊळ असो की एखादी खानावळ, तिथे पंप, पाणी आणि बसायला जागा मिळते.

हेल्मेट घालाच. एप्रिल २०२३ पासून जपानच्या कायद्याने सर्व सायकलस्वारांनी हेल्मेट घालण्याचा प्रयत्न करायचा आहे. न घातल्यास दंड नाही, पण पुलावरचा वारा आणि उतार बघितल्यावर कोणी सांगायची गरज पडत नाही.

चौथी पायरी: सामान

मोठी बॅग सायकलवर नको. ओनोमिचीच्या हॉटेलातून ताक्युबिन या सामान पोचवणाऱ्या कुरियर सेवेने थेट शेवटच्या मुक्कामी पाठवा. काळ्या मांजरीचं चिन्ह असलेली कंपनी सगळीकडे दिसेल. काउंटरवर फॉर्म भरून दिला की बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी बॅग पोचते. तुम्ही चार दिवसांनी येणार हे फॉर्मवर लिहा, पाहिजे त्या तारखेला पोचवतात.

सायकलवर: एक बदलीचा जोड, पातळ रेनकोट, पॅडवाली चड्डी दोन, पॉवर बँक, टॉर्च, छोटा टॉवेल, पासपोर्ट, रोकड. बेटांवर कार्ड सगळीकडे चालत नाही. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानातल्या एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे निघतात, ओनोमिचीतच काढून घ्या. एक रिकामी प्लास्टिकची पिशवी कचऱ्यासाठी. पेयांची यंत्रं पावलोपावली दिसतात पण कचऱ्याचे डबे नसतात, आपला कचरा आपण मुक्कामापर्यंत नेतो. चार्जरसाठी दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागेल. तिथली वीज १०० व्होल्टची.

औषधांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन आणि खोकल्याच्या औषधांतलं कोडीन यांवर जपानमध्ये कडक निर्बंध आहेत. घरातली औषधांची पिशवी जशीच्या तशी उचलून नेऊ नका, घटक वाचा. ताजी फळं, भाज्या आणि मांसाचे पदार्थही नेऊ नका.

पाचवी पायरी: पोट

शाकाहारी वाचकांनी हा भाग नीट वाचावा, कारण सगळ्यात जास्त हाल इथे होतात. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, रश्श्यासाठी काढलेलं चवदार पाणी, आणि दाशी बहुतेक वेळा कात्सुओ माशाच्या वाळवलेल्या कीसाची असते. भाजीच्या रश्श्यात, मिसो सूपमध्ये, भिजवलेल्या तोफूवरच्या सॉसमध्ये, अंड्याच्या गुंडाळीत, सगळीकडे. "मांस नको" सांगितलं की मासा येतो. "मासा नको" सांगितलं तरी दाशी येते, कारण दाशी म्हणजे मासा हे त्यांच्या मनातच नसतं. म्हणून स्पष्ट सांगा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु." हेच वाक्य जपानीत छापून एका कार्डावर जवळ ठेवा आणि बुकिंगच्या वेळी त्याचा फोटो पाठवा. आठवडाभर आधी कळलं तर बरीच घरं कोम्बू या समुद्रशेवाळाची दाशी करून देतात, मसालाच बदलतात. दाशी चालवून घ्यायची की नाही हा तुमचा निर्णय, पण तो घरून निघतानाच घ्या. उपाशीपोटी, संध्याकाळी, आजींसमोर बसून घेऊ नका.

दिवसा मदतीला कोन्बिनी, म्हणजे सेव्हन-इलेव्हनसारखी छोटी दुकानं. भाताचे त्रिकोणी गोळे, ओनिगिरी, यांत उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, प्रकार आपल्या जिभेला लगेच जमतो. नुसत्या मिठाचाही मिळतो. पाकिटावरचे घटक मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतरित करून बघा, मासळीचा अर्क लपलेला असू शकतो. साधं दही मिळतं, गरम करायचा साधा भात मिळतो. मी मेतकुटाची डबी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी नेतो. समुद्राकडे तोंड करून बाकावर बसून खाल्लेला दहीभात-मेतकूट मला घरच्या जेवणाइतकाच आठवतो. केळी, भाजलेली रताळी, तोफू हेही हाताशी असतंच.

मासे खाणाऱ्यांना मात्र हे बेटांचं राज्य आहे. ताई मासा, ऑक्टोपस, शिंपले, जे त्या दिवशी आलं ते ताटात.

पोटासाठी अजून एक. शेताच्या कडेला लाकडी फळीवर फळांच्या पिशव्या मांडलेल्या दिसतील, आसपास माणूस नाही. शेजारी डबा, त्यावर हाताने लिहिलेली किंमत, बहुधा १०० येन. डब्यात नाणं टाकायचं, पिशवी घ्यायची. एकदा माझ्याकडे सुटी नाणी नव्हती, पुढच्या यंत्रातून चहाची बाटली घेऊन मोड केली आणि अर्धा किलोमीटर मागे आलो. त्या संत्र्यांची साल पातळ, आत बी नाही, आणि हाताला वास दिवसभर. शंभरची नाणी वेगळ्या खिशात ठेवा.

सहावी पायरी: रस्ता

जपानमध्ये वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, हा आपला मोठा फायदा. युरोपीय पाहुण्यांना पहिल्या दिवशी जो गोंधळ होतो तो आपल्याला होत नाही. पण आपली सवय सोडावी लागते ती हॉर्न-घंटीची आणि उलट्या बाजूने येण्याची. तिथे उलट्या बाजूने सायकल चालवणं गुन्हा आहे. फोन हातात धरून चालवण्यावर नोव्हेंबर २०२४ पासून कैदेपर्यंत शिक्षा आहे. दारू पिऊन सायकल चालवली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड. सिग्नलला रस्ता कितीही रिकामा असला तरी थांबायचं. बोगदा दिसला की आधीच पुढचा-मागचा दिवा लावायचा. पोलिसांना ११०, रुग्णवाहिकेला ११९.

सराव म्हणून महिनाभर रविवारी ४० किलोमीटर करा आणि सलग दोन दिवस चालवून बघा, कारण दुसऱ्या दिवशी सीटवर बसणं हीच खरी परीक्षा. कोकणात दिघी-आगरदांडा किंवा दाभोळ-धोपावे जेट्टीवर सायकल घालून ज्यांनी किनारा केलाय त्यांना ओनोमिचीचा पहिला तराफा ओळखीचाच वाटेल. चढ कोकणाइतके नाहीत. पण पूल उंच आहेत, कारण खालून जहाजं जातात. म्हणून प्रत्येक पुलाला चढावं लागतं. सायकलींसाठी वेगळा वळणावळणाचा रस्ता आहे, चढ सुमारे तीन टक्के, दोन्ही बाजूंना फळबागा. हलक्या गिअरवर टाका आणि बोलता येईल एवढ्याच वेगाने चढा.

आता दिवस

पहिला दिवस. ओसाकाहून शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, फुकुयामा, तिथून साध्या गाडीने वीस मिनिटांत ओनोमिची, हा आदल्या दिवसाचा प्रवास. सकाळी ओनोमिचीहून मुकाइशिमाला पुलावरून जाऊ नका, तो अरुंद आहे आणि गाड्या फार. धक्क्यावरून फेरी घ्या. पाच मिनिटांत पलीकडे, भाडं सुट्या नाण्यांत. पुढे इन्नोशिमा पूल, १९८३चा. इथे सायकलींचा रस्ता गाड्यांच्या पट्ट्याच्या खाली, पोलादी जाळीच्या आत आहे. डोक्यावरून ट्रक गेला की सगळी जाळी गुणगुणते. इन्नोशिमा हे मुराकामी समुद्री सरदारांच्या तीन घराण्यांपैकी एकाचं ठाणं. मग इकुची पूल आणि लिंबांचं बेट. दोन-अडीचपर्यंत सेतोदात शिरा. कोसान्जी देऊळ एका उद्योजकाने आईच्या आठवणीसाठी १९३६ पासून बांधायला घेतलं, त्याच्या माथ्यावर पांढऱ्या इटालियन संगमरवराची टेकडी आहे. उन्हात डोळे दिपतात, गॉगल लावून चढा.

दुसरा दिवस सगळ्यात छोटा आणि माझा सगळ्यात आवडता. तातारा पूल १९९९ साली खुला झाला तेव्हा जगातला सर्वांत लांब गाळ्याचा केबल-स्टेड, म्हणजे मनोऱ्यांवरून तिरक्या तारांनी तोललेला, पूल होता, मधला गाळा ८९० मीटर. पुलावर हिरोशिमा संपून एहिमे सुरू होतो. मनोऱ्याच्या पायथ्याशी थांबा, तिथे वाजवायला लाकडी पट्ट्या ठेवलेल्या असतात. एकदा ठोकलं की आवाज मनोऱ्याच्या दोन भिंतींमधून खडखडत वर चढत जातो. याला ते गरजणारा ड्रॅगन म्हणतात. पलीकडे ओमिशिमावर उतरल्यावर निळा पट्टा सोडा आणि बेट ओलांडून सात-आठ किलोमीटरवर ओयामाझुमी देवस्थानाला जा. अंगणातलं कापराचं झाड २,६०० वर्षांचं मानतात. योद्ध्यांनी देवाला वाहिलेली चिलखतं आणि तलवारी तिथल्या संग्रहालयात आहेत. जवळपासच राहा. पाचच्या सुमारास गावाच्या ध्वनिक्षेपकावर एखादी धून वाजते, शेतातली माणसं अवजारं आवरतात. ती ऐकू येईल तेव्हा तुम्ही अंघोळ करून बसलेले असावं, हा माझा मापदंड.

तिसरा दिवस. ओमिशिमा पूल १९७९चा, कमानीचा, साखळीतला सगळ्यात जुना. मिठासाठी नाव असलेलं हाकाताजिमा लवकर संपतं, मग ओशिमा. मियाकुबोला मुराकामींचं संग्रहालय आहे आणि भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह दाखवणारी नावही सुटते. तब्येत असेल तर किरोसानच्या माथ्यावर जा. उंची तीनशे मीटरच्या आसपास, पण चढ खडा, सायकल ढकलत न्यायची वेळ येते. वर वास्तुविशारद केंगो कुमा यांनी डोंगरात दडवलेला निरीक्षणमनोरा आहे. तिथून पुढच्या दिवशीचा सगळा रस्ता दिसतो. दीडनंतर चढायला सुरुवात करू नका.

चौथा दिवस. कुरुशिमा सामुद्रधुनीवर तीन झुलते पूल एकापुढे एक जोडलेले आहेत, एकूण सुमारे चार किलोमीटर. खाली पाणी भोवऱ्यांनी फिरत असतं आणि जहाजं त्यातून वाट काढतात. वारा इथे सगळ्यात जास्त. टोपी हेल्मेटखाली कोंबा, आणि सोसाट्याचा वारा असेल तर बेटावरच्या केंद्रात सायकल परत करून बसने पलीकडे जायला अजिबात संकोच करू नका. पूल उतरला की सनराइज इतोयामा हे सायकलींचं केंद्र, तिथून इमाबारी स्टेशन पाच-सहा किलोमीटर.

पाय अजून चालत असतील तर सायकल ठेवून घ्या आणि किनाऱ्याने मात्सुयामाकडे जा, पन्नासेक किलोमीटर. पण सायकल तिथे परत करता येते का ते ओनोमिचीतच विचारलेलं असावं. नाहीतर इमाबारीत सायकल द्या आणि ट्रेनने मात्सुयामाला जा. तिथल्या दोगो ओन्सेन या गरम झऱ्याच्या स्नानगृहाची १८९४ सालची तीन मजली लाकडी इमारत दुरुस्ती संपून जुलै २०२४ मध्ये पूर्ण उघडली आहे. तिकीट काढताना टॉवेल भाड्याने मागा, तुमचा ओला असेल. परतीला मात्सुयामाहून ओकायामाला थेट एक्सप्रेस आहे, पावणेतीन तासांच्या आसपास, आणि तिथे शिन्कान्सेन मिळते.